दिवाळीनंतर पाडा रिकामा होतो

माझी बदली सातपुड्यात झाली तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. मी नर्स. नोकरीची पहिली सहा वर्षं जामनेरकडच्या एका मोठ्या गावात काढलेली. एस.टी. दारात, नळाला एक दिवसाआड का होईना पाणी. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी नवरा म्हणाला, सोडून दे नोकरी. आई म्हणाली, सोडू नको, पोर मी सांभाळते. आईचं घर भडगावजवळ, गिरणेच्या काठाला. मी आईचं ऐकलं. मुलीला तिथं ठेवलं, तिच्या फ्रॉकांची पिशवी आईच्या खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या गाडीत बसले.

चोपड्याहून काळीपिवळी जीप डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायची. तिथं डांबर संपायचं. पुढं पायवाट, सवय असलेल्याला दोन तास, मला पहिल्या दिवशी चार लागले. एकच नाला तीनदा ओलांडावा लागे. वर पोचल्यावर गाव कुठं आहे ते मला कळेना, कारण गाव असं नव्हतंच. एका टेकाडावर दोन घरं, समोरच्या टेकाडावर तीन, मधे दरी. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात मक्याची कणसं टांगलेली. अशी साठेक घरं मिळून तो पाडा. या घरून त्या घरी जायचं तरी उतरायचं आणि चढायचं.

उपकेंद्राची इमारत चांगली होती, रंगही दिलेला होता. फक्त बरीच वर्षं तिथं कोणी राहिलेलं नव्हतं. आत शेळ्यांच्या लेंड्यांचा थर साचला होता. विजेचे खांब होते, तारा नव्हत्या. पाणी नाल्यातल्या झिऱ्यावरून आणायचं. झिरा म्हणजे वाळूत केलेला खड्डा. तो हळूहळू भरतो, वाटीवाटीनं पाणी काढायचं, हंडा भरायला उन्हाळ्यात पाऊण तास. फोनला रेंज फक्त एका ठिकाणी, शाळेच्या मागच्या टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली. तिथं उभं राहून मी रोज संध्याकाळी मुलीशी बोलायचे. पहिले दोन महिने ती रडायची. नंतर रडायची थांबली, ते जास्त लागलं.

पाड्यावर एक सुईण होती. साठीच्या पुढची, बारीक, काटक, पुढचे दोन दात नसलेली. सगळा पाडा तिला मोठी माय म्हणायचा. पाड्यावरची बोली वेगळी, मला एक अक्षर कळत नसे. पण मोठी मायला बाजाराच्या निमित्तानं आमची अहिराणी यायची, त्यामुळं आमचं बोलणं व्हायचं. पहिल्या बाळंतपणाला मी धावतपळत पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बाळ पुसून गुंडाळलेलं, ती हात धूत होती. मी वही काढली आणि वेळ विचारली, वजन करू का विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाली, "तू लिखत बस. मी पोर काढस."

सहा महिने असंच चाललं. ती काढायची, मी लिहायचे.

मग एका बाईचं रक्त थांबेना. तिसरी खेप होती तिची, बाळ झालं आणि रक्ताची धार लागली. मोठी मायनं पोट चोळलं, पाला लावला, सगळं केलं, आणि शेवटी स्वतःहून मला निरोप पाठवला. माझ्याजवळ इंजेक्शन नव्हतं. ते थंडीत ठेवावं लागतं आणि वर फ्रीज चालत नव्हता. गोळ्या होत्या. तीन छोट्या पांढऱ्या गोळ्या. त्या दिल्या, आणि मी आणि मोठी माय आळीपाळीनं पोट दाबत बसलो. तासाभरात रक्त ओसरलं. बाई जगली. मोठी मायनं रिकामं पाकीट उचललं, उलटसुलट करून बघितलं, कनवटीला लावलं. त्यानंतर कुणाला कळा सुरू झाल्या की ती आधी मला हाक मारू लागली.

तिला एक मुलगा, एक सून आणि चार वर्षांची नात. सून वीस-बावीस वर्षांची असेल. आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली, म्हणून चांगली मराठी बोलायची आणि वाचायची. खरं सांगायचं तर त्या डोंगरावर माझं जे काही चाललं ते तिच्यामुळं. बाया माझ्यासमोर बसायच्या, मी मराठीत विचारायचे, ती त्यांना त्यांच्या बोलीत सांगायची आणि त्यांचं उत्तर मला सांगताना मधेच हसायची. हसण्यासारखं काय ते मात्र सांगायची नाही. उपकेंद्राच्या भिंतीवरचे सगळे फलक तिनं वाचून काढले होते. औषधाची खोकी यायची तर त्यावरची अक्षरं ती मोठ्यानं वाचायची, कंपनीच्या पत्त्यासकट. दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर घेऊन चढ चढताना ती बोलत असायची आणि मी मोकळ्या हातानं तिच्यामागं धापा टाकत असायचे.

तिला तिच्या मुलीला खाली शाळेत घालायचं होतं. मला विचारायची, चोपड्यात भाड्यानं खोली मिळते का, नर्स व्हायला किती वर्षं लागतात. मी सांगायचे. ती मनाशी बोटं मोजायची आणि म्हणायची, म्हणजे माझी पोरगी होईल तेव्हा तुम्ही म्हाताऱ्या.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुमारास तिनं मला सांगितलं की तिला दिवस गेलेत. कार्ड काढलं, तपासलं. रक्त फारच कमी होतं. तिथल्या सगळ्याच बायांचं कमी असतं, पण तिचं त्याहून कमी. लाल गोळ्या दिल्या. त्या ती घेते की नाही हे बघायला मी रोज सकाळी तिच्या अंगणात जायचे. ती माझ्यासमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायची.

दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. मक्याची कापणी संपते, कोरडवाहू जमिनीत पुढं काही नसतं. लोक गुजरातेत ऊसतोडीला जातात ते होळीला परततात, काही तर चैत्र संपल्यावर. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. पुरुष तोडतो, बाई मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम घेत नाही.

दिवाळीनंतर सूनही जायची होती, पाचव्या महिन्यात. मी तिच्या नवऱ्याशी बोलले. तो शांत मुलगा होता, वाद घालणारा नव्हता. त्यानं जमिनीकडं बघत ऐकून घेतलं आणि म्हणाला की मुकादमाला शब्द दिलाय, तिला ठेवून गेलो तर मलाही घेणार नाहीत, मग वर्षभर खायचं काय. मी मोठी मायकडं गेले. म्हटलं, तू तरी सांग, इतकं कमी रक्त असताना ही मोळ्या वाहणार, आणि तिथं ना तू ना मी.

मोठी माय मका सोलत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "तूबी तुनी पोर टाकी ऊनी ना? पोटकरता ऊनी. तीबी पोटकरताच जाई राहिनी."

मीही पोटासाठीच पोर टाकून आले होते. टोमणा म्हणून ती बोलली नव्हती. जे होतं ते तिनं सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मोठी माय उपकेंद्रात आली, सुनेला घेऊन. कोपऱ्यातल्या कपाटाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "ह्या तीन गोळ्या तिले दी दे." परत येईपर्यंत आठवा-नववा महिना लागेल, तिथंच काही झालं तर जवळ असू देत, असं तिचं म्हणणं होतं.

मी नाही म्हटलं. नियम असा होता की त्या गोळ्या मी माझ्या हातानं द्यायच्या, बाळंतपण झाल्यावर. नियमाला कारणही होतं. बाळ पोटात असताना त्या घेतल्या, किंवा पोटात दुसरं बाळ आहे हे न कळता घेतल्या, तर गर्भाशय फाटू शकतं. कळा लांबल्या की बायका घाबरून काहीही घेतात, हे मी पाहिलेलं. मी तिला हे सगळं नीट समजावून सांगितलं. सून ऐकत होती. म्हणाली, "बाई, मला वाचता येतं. तुम्ही लिहून द्या, कधी घ्यायच्या ते. मी तसंच करेन."

मी म्हटलं, तू सातवा संपायच्या आत परत ये, म्हणजे गोळ्यांचं कामच पडणार नाही. तिथं जवळच्या दवाखान्यात कार्ड दाखव. लाल गोळ्यांची चार महिन्यांची पाकिटं दिली. तिनं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवलं. पुन्हा गोळ्या मागितल्या नाहीत. ती तशी नव्हतीच, एकदा नाही म्हटलं की विषय संपला.

सकाळी सगळे उतरले. ओळीनं. डोक्यावर भांडी, पाठीला पोरं, एका टोपलीत कोंबड्या. खाली डांबरापाशी मालट्रक उभा होता. मी अर्ध्या वाटेपर्यंत गेले. तिची मुलगी आजीजवळ राहणार होती. ती रडली नाही, मोहाच्या झाडाखाली उभी राहून बघत राहिली. वर आल्यावर मी रजिस्टर काढलं. तिच्या नावापुढं लिहायचा शब्द ठरलेला होता, स्थलांतरित. त्या शब्दानंतर ती माझ्या यादीत राहत नाही. जिथं जाईल तिथल्या यादीत तिनं यायचं असतं. त्या दिवशी मी हा शब्द चौदा बायांच्या नावांपुढं लिहिला.

रिकामा पाडा कसा असतो ते मला सांगता येणार नाही. घरांच्या दारांना कुलपं नसतात, काटेरी फांद्या लावून जातात. म्हातारी माणसं, काही लहान पोरं, कुत्री. शाळेत दहाबारा मुलं, गुरुजी एक. संध्याकाळी चारदोन चुलींचाच धूर. थंडी मरणाची. डोंगरात थंडीनं म्हातारी माणसं जातात. त्या पौषात एक आजा गेला. त्याला ओढ्याकाठी न्यायला खांदे मिळेनात. गुरुजी, दोन म्हातारे, आणि चौथा खांदा मी दिला. आमच्या गावात बाईनं खांदा दिला असता तर चर्चा झाली असती. तिथं कुणाला काही वाटलं नाही, वाटायला माणसं नव्हती. वाटेत तीनदा खाली ठेवावं लागलं. मोठी माय पुढं चालत वाटेतले दगड बाजूला करत होती.

माघात एकदा सुनेचा फोन आला. मी रोजच्यासारखी मुलीशी बोलायला टेकडीवर गेले होते. मुकादमाच्या फोनवरून बोलत होती. पाय सुजतात म्हणाली, चप्पल चढत नाही. मी विचारलं दवाखान्यात गेलीस का. एकदा गेले होते, रांग होती, खाडा पडला. मी रागावले. लगेच निघून ये म्हटलं. ती म्हणाली, "पंधरा दिवसांत निघतो बाई. गाडी भरली की निघतो." मग मुलीविषयी विचारलं. तुझी मुलगी बरी आहे, खोकला होता तो गेला, असं मी सांगितलं. मागून कुणीतरी फोन मागत होतं, तो कट झाला.

पंधरा दिवस झाले नव्हते. अकराव्या दिवशी सकाळी गुरुजी धावत आले. फोन त्यांच्याकडं आला होता, तिच्या नवऱ्याचा. मी टेकडीवर जाऊन पुन्हा लावला. तो नीट बोलत होता, म्हणजे रडत नव्हता. काल दुपारी मोळी वाहताना कळा सुरू झाल्या. फडात उसाच्या पाचटावरच बाळ झालं. टोळीतल्या बायांनी केलं सगळं. मुलगी झाली, लहान आहे पण रडली. मग रक्त थांबेना. ट्रॅक्टरमधून नेलं, पण ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली होती, उसानं भरलेली, ती सोडवण्यात वेळ गेला. रस्त्यातच गेली. तिथंच नदीकाठी केलं सगळं, आज सकाळी. आणायला गाडी मिळाली नाही.

मी विचारलं, किती वेळ रक्त जात होतं. तो म्हणाला, बराच वेळ. ती बोलत होती तोवर. गोळ्या गोळ्या म्हणत होती, आम्हाला वाटलं लाल गोळ्या, त्या आम्ही दिल्या.

मोठी मायला सांगायचं काम माझं होतं. गुरुजींनी तसं म्हटलं नाही, पण ते माझंच होतं. ती झिऱ्यावर होती, गुडघ्यांवर बसून वाटीनं पाणी काढत होती. नात बाजूला वाळूत खेळत होती. मी नातीला शाळेत गुरुजींकडं जायला सांगितलं. मोठी मायनं वर बघितलं, तेव्हाच तिला काहीतरी कळलं असावं. मी सांगितलं. तिनं वाटी हंड्यात ओतली, पुन्हा खड्ड्यात घातली. पाणी नीट साचलं नव्हतं, वाटीत वाळूच आली. ती वाळू तिनं टाकून दिली.

"रगत गयं का?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

 मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू गोळ्या दिधल्या व्हत्या तं वाचती का ती?"

या प्रश्नाला मी आजवर किती उत्तरं दिलीत, स्वतःला. कदाचित वाचली नसती. रक्तच इतकं कमी होतं. कदाचित तिनं आधीच घेतल्या असत्या. पण तिला वाचता येत होतं, आणि तिनं लिहून मागितलं होतं. झिऱ्यावर मी एवढंच म्हणाले, "वाचली असती, बहुतेक." खोटं बोलणं त्या बाईसमोर जमलं नाही. तिनं मान हलवली. हंडा अर्धाच भरला होता, तो डोक्यावर घेतला आणि चढ चढू लागली. मी मागून चालत होते. घरी पोचल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि मग मला आतून तिचा आवाज ऐकू आला. त्या आवाजाबद्दल मी लिहिणार नाही.

पाचव्या दिवशी मुलगा बाळाला घेऊन आला. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, हातभर सुद्धा नव्हतं. फडावरच्या एका बाईनं दोनतीन दिवस अंगावर पाजलं, नंतर वाटेत साखरेचं पाणी. पाड्यावर पाजणारी एकही बाई नव्हती. ज्या पाजू शकल्या असत्या त्या सगळ्या उसात. मोठी मायनं शेळीचं दूध पाणी घालून कापसाच्या वातीनं तोंडात सोडलं. बाळ चोखत नव्हतं, कोपऱ्यातून ओघळत होतं. मी वजन केलं, पावणेदोन किलो भरलं नाही. पाय गार लागत होते.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता खाली. मुलगा नको म्हणाला, जे व्हायचं ते घरात होऊ दे. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, चार दिवस तो झोपला नसावा. मोठी मायनं त्याच्याशी वाद घातला नाही. पोलकं सैल केलं, बाळाला उघड्या छातीशी धरलं, वरून लुगडं आणि घोंगडी बांधली, आणि माझ्याआधी ती पायवाटेला लागली. साठीची बाई, अनवाणी. मी पिशवी घेऊन मागं. दोन तासांची वाट आम्ही दीड तासात उतरलो. मधे दोनदा थांबून मी बोट घालून बघितलं, श्वास चालू होता.

जळगावच्या दवाखान्यात बाळ काचेच्या पेटीत ठेवलं. तीन आठवडे. मोठी माय बाहेरच्या व्हरांड्यात फरशीवर राहिली, मोठी नात वर गुरुजींकडं. मी रजा काढून पहिले पाच दिवस तिच्याबरोबर होते. माझी आई माझ्या मुलीला घेऊन भेटायला आली, सोबत भाकरी आणि मिरचीचा ठेचा. माझ्या मुलीनं मोठी मायला विचारलं, तुम्हाला दात का नाहीत. मोठी माय पहिल्यांदा हसली त्या दिवसांत. बाळ जगलं. वाढायला वेळ लागला, पण जगलं.

मुलगा मात्र आठवड्यातच परत गेला. हंगाम संपला नव्हता. एका चुलतभावाची बायको आजारी पडली होती, त्या भावाबरोबर याला जोडून दिलं, दोन अर्धे मिळून एक कोयता.

महिनाअखेरीची बैठक झाली. प्रत्येकीनं आपापल्या उपकेंद्राचा अहवाल वाचायचा. माझ्याकडं मातामृत्यूच्या रकान्यात शून्य होतं. मी उठून सांगितलं की शून्य नाही, एक आहे. साहेब चांगले होते, त्यांनी समजावलं. मृत्यू तिथं झाला, तो तिथं नोंदला जाईल. तुमच्याकडं ती स्थलांतरित आहे. मी विचारलं, तिथं नोंदला गेलाय का. त्यांनी पत्र लिहिलं. पत्राला उत्तर आलं की अशा नावाच्या बाईची आमच्याकडं नोंदणी झालेली नव्हती. साहेबांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि चहा मागवला. ती कुठल्याच कागदावर मेली नाही. मी माझ्या रजिस्टरात तिच्या नावासमोर, समासात, तारीख लिहिली. तपासणीत त्यावर शेरा मिळाला, समासात लिहू नये.

पुढच्या दिवाळीच्या आधी मोठी माय उपकेंद्रात आली. नऊ महिन्यांची नात कडेवर, मोठी हाताशी. बसली. म्हणाली की मी यंदा टोळीबरोबर जाते. मला वाटलं मुलाला स्वैपाकाला बाई नाही म्हणून. ते कारण नव्हतं.

"आठे कोन शे आते? बठ्ठा तठे शेतस," ती म्हणाली. "पोरं तठे व्हतस. मंग मी आठे काय करू?"

इथं कुणी नसतं, सगळे तिथं असतात, बाळंतपणं तिथं होतात, मग सुईण इथं बसून काय करणार. पाच पोटुशा बाया त्या वर्षी चालल्या होत्या. मुकादमाशी ती बोलून आली होती. टोळीचा स्वैपाक करेन, मजुरी नको, खायला घाला. मी म्हटलं तुझं वय काय, थंडीत पाल्याच्या खोपीत राहशील, बाळ लहान आहे. तिनं ऐकून घेतलं, जसं तिच्या मुलानं ऐकून घेतलं होतं.

मी कपाट उघडलं. पाच पाकिटं काढली. एकेक गोष्ट तिच्याकडून तीनतीनदा वदवून घेतली. बाळ बाहेर आल्यावर. पोट चाचपून, आत दुसरं नाही हे बघून. तिन्ही एकदम. आधी कधीही नाही, कितीही वेळ लागला तरी नाही. तिला वाचता येत नव्हतं. पण तिचे हात पोटावर ठेवल्यावर आत किती बाळं आहेत हे माझ्यापेक्षा तिला जास्त कळायचं. हे नियमाबाहेर होतं, आणि काही चुकलं असतं तर माझी नोकरी गेली असती हे मला माहीत होतं. त्या चार महिन्यांत टेकडीवर फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे.

होळीला ते परतले. मोठी माय शेवटी चढून आली, बसत बसत. फार थकली होती, खोकला लागला होता, उजव्या डोळ्यावर पांढरं आलं होतं. पाचपैकी चार बाळंतपणं तिनं केली होती. एक बाळ मेलेलं जन्मलं. आया चारही परत आल्या. पाचवीचे दिवस अजून भरायचे होते, तिचं बाळंतपण वर आल्यावर मी आणि मोठी मायनं मिळून केलं. तीन पाकिटं तिनं मला परत दिली, न उघडलेली. दोन वापरली होती.

तिच्या मुलानं त्याच वर्षी दुसरं लग्न केलं. मला आधी राग आला. मग वाटलं, अर्धा कोयता घेऊन तो किती वर्षं काढणार. नवी सून खालच्या पाड्याची, तिला वाचता येत नाही. मोठी माय तिच्याशी फार बोलत नाही, पण तिच्या ताटात आधी वाढते. मी तिथं असेपर्यंत तिला दिवस गेले नव्हते.

मोठी माय दुसऱ्यांदा जाऊ शकली नाही. डोळ्याचं ऑपरेशन करायला मी जळगावला नेलं, एका डोळ्यानं दिसायला लागलं, दुसऱ्यानं नाही. खोकला गेला नाही. त्या वर्षी टोळीतल्या एका तरुण बाईला तिनं शिकवलं. दसऱ्यापासून तिला प्रत्येक बाळंतपणाला शेजारी बसवलं, हात धरून पोट चाचपायला लावलं, चुकली की मनगटावर चापट मारली. गोळ्या त्या बाईबरोबर गेल्या. त्या हंगामात तिघी बाळंत झाल्या. एक गेली. रक्तानं नाही, तापानं, दहाव्या दिवशी. तिच्याही नावापुढं माझ्या रजिस्टरात स्थलांतरित असंच आहे.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली, परत खाली, जामनेरच्या बाजूला. मी मागून घेतली नव्हती, पण नाकारलीही नाही. माझी मुलगी आठ वर्षांची झाली होती आणि आईला गुडघ्यांनी उठवत नव्हतं. मोठी मायच्या अंगणात जाऊन मी सांगितलं. तिनं विचारलं, तुझ्या जागी कोण येणार. मी म्हटलं, अजून कोणी ठरलं नाही. मोठी नात शाळेत गेली होती, धाकटी अंगणात शेळीच्या करडामागं पळत होती. मला म्हणाली, बस, चहा ठेवते. दूध नव्हतं. गुळाचा कोरा चहा केला. आम्ही दोघींनी तो बशीतून प्यायला. मग ती उठून शेळ्या सोडायला गेली, तिची वेळ झाली होती.

मी गुरुजींना अधूनमधून फोन करते. ते टेकडीवर असले तर लागतो. उपकेंद्राला कुलूप आहे. मोठी माय आहे, हिंडते फिरते. गेल्या दिवाळीनंतर नवी सून गेली उसात, चौथ्या महिन्यात होती. होळीला कोण कोण परत आलं ते मी गुरुजींना अजून विचारलेलं नाही.